कडी लावल्यावरचं गाणं

मिरजेला माझ्या आजोळी गाणं शिकलेलं कुणी नव्हतं, तरी रोज सकाळी घरात गाणं असायचं. मागच्या अंगणात विहिरीजवळ न्हाणीघर होतं. तांब्याचा बंब पहाटेच पेटायचा, त्यात चिपाडं आणि शेणकुटांचे तुकडे पडायचे, आणि माणसं ठरल्या क्रमानं आत जायची. आजोबा गेले की अभंग. धाकटे मामा गेले की हिंदी सिनेमातलं गाणं, तेही फक्त मुखडा, पुन्हा पुन्हा. अंतऱ्याचे शब्द त्यांना कधी लागायचेच नाहीत. मामी सगळ्यात शेवटी, चहा-न्याहारी आणि डबे उरकल्यावर. ती नाट्यपदं म्हणायची. दार लागून पहिला तांब्या अंगावर पडला की तिचा आवाज यायचा तो थेट वरच्या पट्टीत, आणि अंगणात दंगा करणाऱ्या आम्हा पोरांना मामा दटावायचे, "ओरडू नका रे, तुमची मामी म्हणतीय."

हीच मामी हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला चार बायकांत गाणं म्हण म्हटलं की मान खाली घालायची. "मला कुठलं येतंय," एवढंच. मोठी झाल्यावर एकदा मी तिला विचारलं, की आत इतकं मोकळं गातेस, मग बाहेर का नाही? ती म्हणाली, "बाहेर म्हणायला लागले की माझं सगळं लक्ष लोकांच्या तोंडाकडं जातंय बघ. आत माझं गाणं मला ऐकू येतं."

तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही. अंघोळ करताना माणसं गातात, आणि एरवी चुकूनही न गाणारी माणसं तिथंच गातात, हे इतकं सगळीकडं आहे की त्याकडं कुणी थांबून बघत नाही. मला ती फार मोलाची गोष्ट वाटते.

मामी म्हणाली तसं, आत आपलं गाणं आपल्याला ऐकू येतं, हे अगदी शब्दशः खरं आहे. आजच्या फ्लॅटमधलं बाथरूम घ्या. चार फूट रुंद, सहा फूट लांब, वर माळा काढलेला असल्यामुळं छत आठ फुटांवर. भिंतींना गुळगुळीत टाइल्स. बाहेरच्या खोलीत सोफा, पडदे, गाद्या, पुस्तकं आवाज पिऊन टाकतात. टाइलवर आदळलेला आवाज मात्र जवळपास सगळाच्या सगळा परत येतो, शंभरातला एखाद-दुसरा भाग काय तो जिरतो. त्यामुळं तोंडातून सूर सुटला की तो या भिंतीवरून त्या भिंतीवर जात सेकंदभर तरी रेंगाळतो. पुढचा सूर लागतो तेव्हा मागचा अजून हवेत असतो. श्वास घ्यायला थांबलं तरी गाणं तुटत नाही. सूर किंचित हलला, थरथरला, तर मागच्या सुरांत मिसळून जातो आणि कानाला गोल लागतो. खुंटीवर जाड टॉवेल आणि धुवायच्या कपड्यांचं गाठोडं टांगून तीच ओळ पुन्हा म्हणून पाहा. आवाज लगेच कोरडा होतो.

हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला तो हार्वर्डच्या वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकानं. १८९५ मध्ये विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयाचं व्याख्यानगृह नवंकोरं होतं आणि त्यात एकही व्याख्यान धड ऐकू येत नव्हतं. बोललेला शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. सेबाइन रात्री सँडर्स थिएटरमधल्या बाकांच्या गाद्या तिथं आणून मांडायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि आवाज पुरता विरेपर्यंत किती वेळ जातो ते कानानं ऐकून घड्याळावर मोजायचा. सकाळच्या आत गाद्या परत जागेवर. खोली मोठी तितका आवाज जास्त टिकतो, आणि खोलीत आवाज पिणाऱ्या गोष्टी जास्त तितका कमी टिकतो, हे सूत्र त्यातून निघालं. आवाज किती जिरतो ते मोजायला त्यानं माप धरलं उघड्या खिडकीचं, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. त्या सूत्रात मी आमच्या बाथरूमची लांबी-रुंदी घातली, आत एक माणूस उभं आहे असं धरलं, तर उत्तर साधारण एक सेकंद आलं. एवढ्याशा खोलीला एक सेकंद म्हणजे भरपूर झालं.

पण मला त्याहून आवडते ती दुसरी गोष्ट, आणि ती कुणालाही उद्या सकाळी करून पाहता येईल. तोंड मिटून गुणगुणत आवाज अगदी खालून हळूहळू वर न्यायचा. एका ठिकाणी अख्खं बाथरूम भरून येतं, छातीत सुद्धा कळतं. किंचित वर सरकलं की ते जातं. प्रत्येक बाथरूमला असा स्वतःचा सूर असतो आणि तो भिंतींमधल्या अंतरावर ठरतो. ज्या सुराची लहर त्या अंतराच्या बरोबर दुप्पट लांबीची असते, ती भिंतींमध्ये जाता-येता स्वतःचीच भर घेत वाढत जाते. चार फुटांच्या रुंदीत हा सूर सेकंदाला १४० कंपनांच्या आसपास येतो. आणि काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर सा धरून, गाणाऱ्या पुरुषाचा हा सा, म्हणजेच षड्ज, असतो १३८.६ कंपनांचा! आपल्याकडं पुरुष गायकांची ती अगदी नेहमीची पट्टी आहे. छत आठ फुटांवर असलं तर त्या उंचीचा दुसरा सूरही तिथंच येऊन मिळतो. बायकांच्या आवाजाला त्याच्याच वरच्या सप्तकातला, २८० च्या आसपासचा सूर सापडतो. म्हणजे ज्यानं जन्मात कधी पेटी उघडून पट्टी तपासली नाही, त्याला रोज सकाळी एक खोली षड्ज देते. माझं निरीक्षण असं आहे की माणसं नकळत त्या सुराच्या जवळपासच गाणं सुरू करतात, कारण तिथं कमी श्वासात जास्त आवाज मिळतो.

मिरजेची असल्यामुळं मला इथं तंबोरा आठवल्याशिवाय राहत नाही. सतारमेकर गल्लीत लहानपणी आम्ही कितीतरी वेळ दुकानांच्या पायऱ्यांवर बसून राहायचो. पंढरपूरकडून आलेले भोपळे वर टांगलेले असायचे, खाली कारागीर घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानसीचा हलका हात फिरवत जवारी काढत असायचा. तार छेडायची, कान द्यायचा, परत घासायचं. मग तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवायचा, केसभर पुढं, केसभर मागं, आणि अचानक ती सपाट वाजणारी तार उजळायची. एका सुरातून अनेक सूर सुटायला लागायचे आणि बराच वेळ सुटत राहायचे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हा मिरजकरांना केवढा आनंद झाला. मैफलीत गवई बसतो तेव्हा त्याच्या मागं दोन तंबोरे अखंड सूर धरून असतात. शिकलेला, कसलेला माणूससुद्धा रिकाम्या हवेत गात नाही. साध्या माणसाला मात्र आपण म्हणतो, म्हण बघू एखादं गाणं, आणि त्याला पंख्याच्या आवाजात, गाद्या-पडद्यांच्या खोलीत एकटं सोडतो. तिथं त्याला स्वतःचा आवाज बारीक आणि उघडा वाटतो, आणि तो म्हणतो, आम्ही आपले बाथरूम सिंगर. त्याचा तंबोरा आत राहिलेला असतो, दुसरं काही नाही.

ध्वनिमुद्रणवाल्यांना हे कधीच कळलेलं आहे. शिकागोत १९४७ मध्ये बिल पुटनम या अभियंत्यानं स्टुडिओचं बाथरूमच घुमारा मिळवायला वापरलं. आत स्पीकर ठेवून वाजवलेलं संगीत पाठवायचं, दुसरीकडं मायक्रोफोन ठेवून घुमलेला आवाज परत घ्यायचा आणि मूळ आवाजात मिसळायचा. अशा रीतीनं केलेल्या तबकडीला अफाट यश मिळालं. पुढं हे काम यंत्रं करू लागली, पण मागणी तीच राहिली. आता गावोगावी कॅराओकेचे क्लब आहेत. तिथं नव्यानं आलेला माणूस माइक हातात घेऊन दोन ओळी म्हणतो आणि सिस्टीमवाल्याला हमखास सांगतो, "दादा, इको थोडा वाढवा ना." त्याला काय हवं असतं ते मला चांगलं कळतं.

एवढं सगळं खरं, पण मिरजेच्या न्हाणीघराला टाइल्स नव्हत्या. खाली शहाबादी फरशी, चुन्याचा गिलावा उडालेल्या भिंती, वर पत्रा, आणि पत्रा व भिंत यांच्यामध्ये वीतभर मोकळी फट. सेबाइनच्या भाषेत ती चारी बाजूंनी उघडी खिडकीच. तिथं घुमण्यासारखं फारसं काही नव्हतं, तरी मामी गायची. कृष्णेच्या घाटावर तर भिंतीसुद्धा नव्हत्या. तिथं कार्तिकात पहाटे उतरणारी माणसं गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी अशी सात नद्यांची नावं घेत बुडी मारायची, आणि वर येताना 'हर हर गंगे' असं म्हणायची की पलीकडच्या काठाला ऐकू जावं.

म्हणजे टाइल्सच्या आधी पाणी आहे. गार पाणी अंगावर पडलं की छाती आत ओढली जाते, श्वास अडकतो आणि मग धाप लागल्यासारखा होतो. शरीर ते आपोआप करतं, ठरवून थांबवता येत नाही. पण आवाज काढायचा तर श्वास बाहेर सोडावा लागतो, आणि शब्द पूर्ण करायचा तर तो सावकाश सोडावा लागतो. घाटावरच्या त्या मोठ्या आवाजाच्या नामोच्चारात भक्ती होतीच. त्याच्याच बरोबर थंडीनं उधळलेला श्वास पुन्हा ताब्यात आणण्याची युक्तीही होती असं मला वाटतं. इटलीतल्या लुचानो बर्नार्डी या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं, की जपमाळेची लॅटिन प्रार्थना किंवा एखादा मंत्र म्हणताना श्वासाची गती मिनिटाला सहाच्या जवळ येते आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळते. आमचे आजोबा अभंग म्हणत बाहेर यायचे तेव्हा त्यांचा चेहरा निवळलेला असायचा. घरातल्या कटकटीच्या गोष्टी त्यांच्याकडं न्यायच्या तर अंघोळीनंतर, हे आजीला ठाऊक होतं.

गरम पाण्याचं थोडं वेगळं. तिथं वाफ असते, घसा ओलसर होतो, आणि ओलसर स्वरतंतू कमी जोर लावला तरी हलतात. रात्रभर आखडलेल्या खांद्यांवरून पाणी उतरतं तसा आवाजही सैल होतो.

आणि पाण्याचा आवाज. नळाखाली बादली लावून कधी नीट ऐकलंय? पाणी पडायला लागतं तेव्हा खालचा, पोकळ सूर असतो. पाणी चढतं तशी वरची हवेची पोकळी आखूड होते आणि सूर वर वर सरकत जातो, अगदी काठाशी आला की बारीक होतो. वीज गेलेली असताना, अंधारात, बादली भरली हे आपल्याला याच सुरावरून कळतं. गंमत अशी की जलतरंगात याच्या उलट होतं. तिथं काडी मारली की वाडगाच थरथरतो, त्यामुळं पाणी वाढवलं की तो जड होऊन सूर उतरतो. मामीच्या न्हाणीघरात पितळेचं घंगाळ होतं. त्यात बंबाचं कढत पाणी आणि विहिरीचं गार पाणी मिसळताना जो चढता सूर निघायचा, त्यातूनच ती पद उचलते की काय असं मला वाटायचं.

पाण्याच्या या आवाजाआड माणूस दोन प्रकारे मोकळा होतो. एतिएन लोंबार या फ्रेंच कानाच्या डॉक्टरानं १९११ मध्ये दाखवून दिलं, की भोवती गोंगाट असला की माणूस नकळत मोठ्यानं बोलतो. शॉवर सुरू झाला की आपोआप आवाज चढतो आणि ज्याला एरवी पुटपुटण्याची सवय, तो पूर्ण गळा लावतो. शिवाय पाणी आपल्या चुका आपल्यापासून थोड्या झाकतं. बारीकसारीक कणसूरपणा त्या सळसळीत बुडून जातो, मोठी वळणं तेवढी वर राहतात.

अशा अखंड आवाजाच्या आडोशाला गाणं, हे आपल्याकडं नवीन नाही. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची, असं आई सांगते. मी ऐकल्या नाहीत. मला कळायला लागलं तोवर गल्लीत पिठाची गिरणी आलेली होती. पहाटेचा अंधार, घर झोपलेलं, जात्याची घरघर, आणि दळणारी बाई. ती कुणासाठी गात नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून, सहकाऱ्यांच्या मदतीनं, या ओव्या जमवल्या आणि आकडा लाखाच्या वर गेला. भाऊ, आई, सासर, पंढरीचा विठोबा, वनवासातली सीता, बाबासाहेब आंबेडकर, सगळे त्यांत आहेत. एक लाख ओव्या! आणि त्या रचणाऱ्या, म्हणणाऱ्या बायकांपैकी कुणीही स्वतःला गायिका म्हणवून घेतलं नव्हतं. मोटेवरचं गाणं गेलं, जात्यावरचं गेलं, पेरणी-मळणीचं बहुतेक गेलं. ज्या कामांच्या सोबतीनं साधी माणसं गायची ती कामं यंत्रांनी उचलली, हे बरंच झालं, कारण त्या कामांत कंबरडं मोडायचं. पण गाण्याला मग जागा कुठं उरली? माझं म्हणणं असं, की ती न्हाणीघरात उरली. आजीचं जातं थांबलं आणि सुनेचं गाणं अंगणापलीकडं त्या पत्र्याखाली गेलं. घरातल्या गाण्याचा धागा तुटला नाही, एवढंच मी माझ्या घरापुरतं खात्रीनं सांगू शकते.

त्या जागेला दार होतं, हेही विसरून चालणार नाही. एकत्र कुटुंबातल्या सुनेला दिवसाउजेडी आतून कडी लावून बसता येईल अशी दुसरी खोली नव्हती. माजघरातून कुणीही ये-जा करणार, स्वयंपाकघरात सासू, झोपायची खोली दिवसा सगळ्यांची. न्हाणीघरात मात्र दहा-पंधरा मिनिटं तिला कुणी काही मागू शकत नव्हतं. कुणी तोंडाकडं बघू शकत नव्हतं. मामीचं पद अर्ध्यात थांबलं की समजायचं, दारावर कुणीतरी टकटक केलंय. मला त्या टकटकीचा आजही राग येतो. मामांनी आम्हाला गप्प बसवणं ही मला म्हणूनच त्यांच्या संसारातली फार मोठी गोष्ट वाटते. त्यांनी तिला कधी चारचौघांत गा म्हटलं नाही, कधी थट्टा केली नाही, आणि तिचं गाणं चालू असताना त्या दारावर कुणाला जाऊ दिलं नाही.

मुंबईला आत्याकडं तेवढंही दार नव्हतं. बीडीडी चाळीतली एकशे साठ चौरस फुटांची खोली, कोपऱ्यात कमरेएवढ्या भिंतीची मोरी आणि वर दोरीला पडदा. आत्याचे यजमान गिरणीत रात्रपाळी करून सकाळी यायचे आणि मोरीत शिरले की गायला लागायचे. गाणं चालू आहे तोवर कुणी तिकडं फिरकायचं नाही, पडद्याकडं पाठ करून बसायचं, ही त्या खोलीतली रीत होती. सामायिक संडासांच्या कड्या मोडक्या असायच्या, तिथंही आतला माणूस खाकरत नाहीतर गुणगुणत राहायचा. तिथं गाण्यानंच दाराचं काम केलं.

दार का लागतं, याचं उत्तर माझ्या मते शाळेत आहे. आमच्या शाळेत समूहगीताची तालीम चालली होती. बाई रांगेतून कान देत फिरत होत्या. माझ्या शेजारच्या मुलीपाशी थांबून त्या म्हणाल्या, "तू नुसते ओठ हलव." पंधरा ऑगस्टला ती पहिल्या रांगेत उभी राहून नुसते ओठ हलवत होती. आम्ही अजून मैत्रिणी आहोत. ती उत्तम स्वयंपाक करते, गाडी चालवते, माणसं सांभाळते, आणि पन्नाशीतही आरतीला टाळ्या वाजवते, आवाज काढत नाही. खरोखर सूर ओळखू न येणारी माणसं फार थोडी असतात. संशोधक शंभरात एक ते चार एवढाच अंदाज देतात. बाकीच्यांना फक्त सराव मिळालेला नसतो, आणि सराव करायला अशी जागा लागते जिथं कुणी कान देत फिरत नाही. माझी ही मैत्रीण बाथरूममध्ये गाते. तिच्या मुलीनं मला सांगितलं, आणि चांगलं गाते म्हणाली.

यात निवांतपणा लागतो हे मला लातूरला कळलं. २०१६ च्या उन्हाळ्यात माझी मावसबहीण तिथं होती. तोच तो उन्हाळा, मिरजेहून रेल्वेच्या टाक्या भरून लातूरला पाणी गेलं होतं. आमच्या कृष्णेचं पाणी चाललंय म्हणून मिरजेच्या लोकांना बरं वाटत होतं, आणि तिकडं माझी बहीण अर्ध्या बादलीत अंघोळ उरकत होती, तीही परातीत बसून, म्हणजे तेच पाणी पुढं वापरता यावं. मी तिच्याकडं राहिले तेव्हा आतून फक्त मगाचा आवाज येत होता, मोजून मोजून. तिचे यजमान एरवी अंघोळीला गेले की भावगीतं म्हणणारे. ते गप्प आत जायचे, गप्प बाहेर यायचे. पाऊस झाल्यावर कधीतरी बहिणीनं फोनवर सांगितलं की हे परत गायला लागले. पाणी आलं हे तिनं मला अशा शब्दांत सांगितलं.

आता पुण्यात आमच्या इमारतीत सगळी बाथरूम एका डक्टला लागून आहेत, आणि वरच्या काचेच्या पट्ट्यांमधून आवाज त्या डक्टमध्ये उतरतो. दार बंद असलं तरी माणूस तिथं अगदीच एकटा नसतो. खालून कुणीतरी रोज साडेसहाला स्तोत्र म्हणतं, ठाम आवाजात, एकाच लयीत. एक मुलगी कुठलंतरी नवं गाणं म्हणते आणि एकाच अवघड जागेवर येऊन पुन्हा मागं जाते. २०२० च्या टाळेबंदीत ही गाणी लांबली होती. घराघरात सगळी माणसं चोवीस तास एकमेकांसमोर, आणि कडी लावायला एवढी एकच खोली. त्या दिवसांत मला डक्टमधल्या आवाजांनी फार धीर दिला. कोण कुठल्या मजल्यावरचं, हे मी कधी शोधून काढलं नाही. लिफ्टमध्ये कुणाला विचारलं असतं तर तो माणूस दुसऱ्या दिवसापासून गायचा थांबला असता. बाथरूममध्ये ब्लूटूथ स्पीकर नेणारी माणसंही आहेत, त्यांचाही आवाज येतो. मला ते पटत नाही. तिथं दुसऱ्याचं गाणं आधीच पूर्ण झालेलं असतं, आपल्याला त्यात शिरायला जागा राहत नाही.

मध्यंतरी आमचं बाथरूम नव्यानं करून घेतलं. ठेकेदार म्हणाले, खाली पीव्हीसीचं छत लावू, पाइप झाकले जातील, आणि टाइल्स सात फुटांपर्यंत पुरेत. मी दोन्हींना नाही म्हटलं. छत आहे तेच राहू द्या, आणि टाइल्स छतापर्यंत न्या. पायाखाली खरखरीत चालतील, पाय घसरायला नको, भिंतीला मात्र गुळगुळीत. टाइल्स बसवणारे मिस्त्री शांत माणूस होते. सिमेंट सुकल्यावर ते हातोडीच्या लाकडी दांड्यानं एकेक टाइल वाजवून बघायचे. खाली माल नीट भरला असेल तर टाइल भरीव वाजते, पोकळी राहिली असेल तर डबडब वाजते. तशी एक निघाली, तर त्यांनी न सांगता ती उखडून पुन्हा बसवली. कान इतका तयार बघून मी त्यांना मोकळेपणानं सांगून टाकलं की छतापर्यंत टाइल्स मी गाण्यासाठी लावून घेतेय.

ते हसले नाहीत. म्हणाले, "ताई, आम्ही नव्या बिल्डिंगवर असतो ना, जेवणाच्या सुट्टीत आमची पोरं गाणी म्हणतात. हॉल मोकळा असतो, तिथं तर याच्यापेक्षा जास्त घुमतं. पण तिथं कुणी म्हणत नाही. बाथरूमला दार बसलं की मग एकेक जण आत जातो."